डबक्यातला ठराव

दुधाचा अभ्यास करायचा असेल तर माणसाने मॉरिशसला जावं. तिथे दूध बहुतेक करून बाहेरच्या देशांतून पावडर होऊन पोत्यांत येतं. गाय शोधायला दुर्बीण लागते, त्यामुळे अभ्यास लवकर उरकतो आणि समुद्राला वेळ मिळतो. आमच्या दूध संघाच्या संचालक मंडळाने हाच देश एकमताने निवडला. संघात एवढं एकमत मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

खर्च पशुखाद्य पुरवणाऱ्या कंपनीने केला होता. म्हणजे शेवटी आमच्या गायींनीच केला, पण गायींना कोणी नेलं नाही. संचालक आणि त्यांच्या सौभाग्यवती एवढेच गेले, आणि तेही दुष्काळाच्या ऐन उन्हाळ्यात. निघताना संघाच्या दारात हार झाले, बँजो झाला. ज्यांच्या घरी प्यायला पाणी नव्हतं ते लोक आम्हाला नारळ देऊन निरोप देत होते. आपल्याकडची माणसं फार सहनशील आहेत, यावर माझा तेव्हापासून विश्वास बसला.

आमचे हे संघाचे संचालक. गाव नांदूरघाटच्या बाजूचं. माणूस सोन्यासारखा, पण अध्यक्ष समोर आले की मिठाची गुळणी धरणारा. अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. वयाने माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे, मला सूनबाई म्हणणारे, आणि मीटिंगमध्ये कुठलाही विषय 'बघू' म्हणून चहा मागवणारे.

त्या वर्षी गावाला सरकारी टँकर होता. त्याच्या मनाला येईल तेव्हा यायचा. माणसांचं त्यात कसंबसं भागायचं. जनावरांनी काय प्यायचं हे सरकारने जनावरांवर सोडलं होतं. इकडे दुधाचं संकलन इतकं घटलेलं की संघाचे दुधाचे टँकर शीतकरण केंद्राच्या आवारात धूळ खात उभे होते. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. यांचा पाय मोडला होता तेव्हापासून गावातल्या दुधाच्या कॅनांची पिकअप मीच रोज सकाळी केंद्रावर नेत होते. पाय बरा झाला, पिकअप माझ्याकडेच राहिली. खालच्या बागायती पट्ट्यात विहिरी होत्या, मालक पाणी द्यायला तयार होते. ते पाणी दुधाच्या टँकरने जनावरांसाठी वर आणायचं, एवढाच विषय. रिकामे टँकर आणि तहानलेली गुरं यांच्यामध्ये फक्त एक ठराव आडवा होता. हे प्रत्येक मीटिंगला तो मांडायला जायचे आणि चहा पिऊन यायचे.

आबांचं ठरलेलं होतं, "दौऱ्यावरनं आल्यावर बघू."

आमच्या गोठ्यात दोन गायी होत्या, त्यातली एक गाभण. गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आम्ही परत येईपर्यंत काही झालं नाही तर पुढच्या बाजाराला जनावरं काढायची. दुष्काळात जनावर कोण घेतं आणि कशाला घेतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. मी विमानात बसतानाच यांना सांगितलं, आबांचा शब्द घेतल्याशिवाय परत यायचं नाही. हे म्हणाले, "बघतो." आमचा सगळा संसार या एका शब्दावर चाललेला आहे.

पहिले काही दिवस समुद्र, देऊळ आणि खरेदी यांचा अभ्यास झाला. एका धबधब्यासमोर उभं राहून आबा म्हणाले, "आपल्या कपिलधारसारखाच हाय." कपिलधारला त्या वर्षी खडकावरचं शेवाळसुद्धा वाळून गेलं होतं. पण अध्यक्षांच्या बोलण्यात दुरुस्ती सुचवायची पद्धत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनी जरा जास्तच डोलावली.

मग एके दिवशी आम्हाला बग्गीत बसवायला नेलं. बग्गी म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा, आत दोन खुर्च्या, खाली ट्रॅक्टरला शोभतील अशी जाड चाकं. दार नाही, काच नाही, छप्पर नाही. आपल्याकडे असली गाडी रस्त्यावर आली तर पोलीस धरतील. तिथे लोक रांगा लावतात. ती चालवायची कुठे, तर उसाच्या फडांमधून गेलेल्या खाचखळग्यांच्या, दगडधोंड्यांच्या वाटेने. अशी वाट आमच्या घरापासून डांबरी सडकेपर्यंत आहे, आणि ती बुजवावी म्हणून गावाने अर्जांवर अर्ज केलेत. तिथे ती मुद्दाम सांभाळून ठेवलेली होती. ऊस बघून एक संचालक हळूच म्हणाले, "तोडायला माणसं कुठनं आणत असतील ओ?" त्यांच्या मतदारसंघातली निम्मी गावं दर हंगामात कोयते घेऊन बाहेर पडतात. काळजी होती त्यांना, दुसरं काय.

वाट दाखवायला एक गाईड होता. गळ्यात शिट्टी, अंगात हिरवा बनियन, बोलणं भोजपुरीसारखं हिंदी. त्याने आधी लायसन मागितलं. आमच्या संचालकांना ड्रायव्हर असतात, लायसन कशाला लागतंय? दोघातिघांकडे निघालं, बाकीच्यांना तिथली माणसं चालवून फिरवणार असं ठरलं. ह्यांचं लायसन घरी कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली होतं.

"आमचं तोंड बघून सोडत्यात," आबा म्हणाले. गाईडने तोंड बघितलं आणि सोडलं नाही.

परक्या माणसाच्या शेजारी बसायला आबा तयार होईनात. स्वतःच्या पत्नीला शेजारी घेण्याचा प्रश्नच नव्हता. "काकींची कंबर दुखती," असं त्यांनी आल्या आल्याच जाहीर केलं होतं आणि काकींना एका छपराखाली बाकावर, हातात शहाळं देऊन बसवलं होतं. काकीसुद्धा संघाच्या संचालक होत्या बरं का. महिलांच्या राखीव जागेवर. मीटिंगला त्या कधी आल्या नव्हत्या. सह्यांचं पुस्तकच घरी जायचं.

तर राहिले आबा, आणि पर्समध्ये लायसन घेऊन फिरणारी मी.

आबा सासऱ्यांच्या जागी, म्हणून मी डोक्यावर ओढणी घेतली. गाईडने हेल्मेट दिलं. मी ते ओढणीवरून घातलं. तो म्हणाला, हे कापड काढा. मी म्हणाले, हे निघणार नाही. त्याने आबांकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. आबा पांढऱ्या कडक कपड्यांत, पायात दौऱ्यासाठी घेतलेले नवे पांढरे बूट घालून माझ्या शेजारी चढले. समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी असे धरून बसले की खुर्ची सोडायची त्यांची जुनी नाखुशी मला पहिल्यांदाच जवळून दिसली.

वाटेत पहिलं डबकं लागलं. मी वळसा घालून पुढे गेले. गाईडने शिट्टी मारली आणि हातवारे करून सांगितलं, सरळ, पाण्यातून. दुसरं डबकं आलं, मी पुन्हा कडेने काढली. मी काही मुद्दाम करत नव्हते. आमच्याकडे साचलेल्या पाण्यात चाक घालत नाहीत, जनावरं तोंड लावत असतात. हात आपोआपच वळतो. मागून सगळे हसत होते. गाईडला वाटलं, बाई भ्यायली. त्याने येऊन मला धीर दिला.

शेवटी वाट फिरून छपरापाशी आली. तिथे मोठा खड्डा होता, ह्या सगळ्या सहलीचं शिखर म्हणे. त्यातून सुसाट जायचं, अंगभर चिखल उडवायचा, फोटो काढायचे. आणि त्या खड्ड्याच्या काठाला एक टँकर उभा होता. मनगटापेक्षा जाड पाइपातून पाणी खड्ड्यात पडत होतं. स्वच्छ पाणी. खालची वाळू दिसेल असं.

मी गाईडला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "दो हफ्ता से बरखा नाहीं. सूखा रहेगा तो टूरिस्ट लोग नाराज होता है."

मला राग आला. त्या टँकरवाल्याचा नाही, तो बिचारा नोकरी करत होता. त्या देशाचाही नाही, त्यांचं पाणी, त्यांचा चिखल. पण मी शेजारी पाहिलं तर आबा कौतुकाने मान हलवत होते. "बघा सूनबाई," म्हणाले, "नियोजन म्हंत्यात ते ह्याला."

टँकर हलला. माझी पाळी होती. मी ह्या खेपेला वळसा घातला नाही. सरळ खड्ड्यात शिरले, बरोबर मध्यावर थांबले, गाडी बंद केली आणि चावी काढून मुठीत धरली. पाणी बुटांवरून चढून आबांच्या गुडघ्यापर्यंत आलं.

"बंद पडली का?" आबा म्हणाले.

"न्हाई आबा. मी केली."

"कावून?"

"जनावरांच्या पाण्याचा विषय ऱ्हायलाय."

आबा आधी हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले. "आवं, हितं कुठं तो विषय? मीटिंगमधी घिऊ की."

"समदे संचालक हायेत. कोरम हाय. तुमी अध्यक्ष हायेत. ह्याच्यापरीस चांगली मीटिंग कोणची?"

गाईड शिट्ट्या मारत होता. मागच्या बग्ग्या काठावर ओळीने उभ्या राहिल्या, प्रत्येकीत हेल्मेट घातलेला एकेक संचालक. आबांनी पाय वर घेऊन पाहिला, ठेवायला जागा नव्हती. उतरले असते तर कंबरेपर्यंत चिखल आणि शंभर मोबाइल. सहकारात माणूस खुर्चीत किती घट्ट अडकतो हे मी इतकी वर्षं ऐकत होते.

"ठीक हाय," आबा काठाकडे बघत मोठ्याने म्हणाले. सूचक निघणार नाही, हा त्यांचा मुरलेला हिशेब होता. "मांडा ठराव. सूचक कोण?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगते, मला आशा नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे आमची गाभण गाय होती, दावणीला बांधलेली, पाण्याच्या रिकाम्या घमेल्यात तोंड घालून उभी. हे खाली उतरले. हेल्मेट काढलं, काखेत धरलं, केस सारखे केले. आवाज निघाला तो एवढासा.

"सूचक मी."

आबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे मी घरीच शिकवून आणलंय. देवाशप्पथ, मी शिकवलं नव्हतं.

"अनुमोदन?" आबा म्हणाले.

आता काठावर जी शांतता पसरली ती मला मीटिंगांच्या वर्णनावरून ओळखीची होती. एक संचालक उसाकडे बघायला लागले. एकाने चष्मा पुसायला घेतला. एकाने ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायची खूण केली. आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज परत येत होतं. अनुमोदक नसेल तर ठराव मेला, हे त्यांना, मला, सगळ्यांना माहीत होतं.

छपराखाली काकींनी शहाळं बाकावर ठेवलं. पदर खोचला. खड्ड्याच्या काठाशी आल्या.

"अनुमोदन माझं," त्या म्हणाल्या.

"तुमाला काय कळतंय त्यातलं?" आबा म्हणाले.

"इतकी वर्सं सही करायला कळती. मग अनुमोदन द्यायला बी कळंल."

चष्मा पुसणाऱ्या संचालकांनी चष्मा घातला आणि हात वर केला. मग उसाकडे बघणाऱ्यांनी केला. गाईडला काय वाटलं कोण जाणे, त्यानेही केला. आबा पाण्यातल्या आपल्या बुटांकडे बघत होते.

"मंजूर," ते म्हणाले. "काढा आता गाडी."

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. बाहेर पडताना आमच्या अंगावर असा चिखल उडाला की फोटोत आबा कोण आणि मी कोण ते ओळखू येत नाही.

परतीच्या विमानात आबा कोणाला तरी सांगत होते, परदेशातला ठराव कायद्यात बसत नाही. शेजारच्या खुर्चीत काकी होत्या. त्यांनी फक्त मान वळवून बघितलं. घरी गेल्यावर त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी गावात दुधाचा टँकर आला, पाण्याने भरलेला.

टँकरच्या आधी बॅनर आला. 'विदेश अभ्यास दौऱ्याचे फलित', खाली आबांचा हात जोडलेला फोटो. मंडप झाला, नारळ फुटला. गुरं पाण्याच्या वासाने दावी ओढत होती, त्यांना भाषण संपेपर्यंत धरून ठेवलं. आबा म्हणाले, "त्या देशातलं पाण्याचं नियोजन मी लई जवळून बघून आलोय." ते खरंच होतं. गुडघ्यापर्यंत जवळून.

हौदात पाणी सोडलं. आमच्या गायीने आधी नुसतंच हुंगलं. पाण्याला दुधाचा वास येत होता. मग तिने तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मला रडू आलं आणि मी ते ओढणीने पुसलं, लपवलं नाही. हे गायीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. व्यासपीठावर यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. काकींचं तर नाहीच.

कार्यक्रम संपल्यावर आबांच्या गाड्या पुढच्या गावाच्या उद्घाटनाला निघून गेल्या. काकी मागेच राहिल्या. विसरल्या गेल्या असाव्यात. मी म्हणाले, चला, मी सोडते. त्या पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसल्या. मागे रिकाम्या कॅना होत्या.

"कंबर कशी हाय काकी?"

"कंबरंला काय झालंय," काकी म्हणाल्या. "ते म्हणले दुखती, म्हणून दुखली." थोडं अंतर गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला बसायचं व्हतं त्या गाडीत."

डांबरी सोडली आणि पिकअप ओढ्यात घातली. ओढा कोरडा ठणठणीत, नुसते धोंडे आणि वाळू. धरून बसा म्हणाले आणि जोरात सोडली. कॅना एकमेकींवर आदळत होत्या, धुळीने समोरचं काही दिसत नव्हतं, काकींचा पदर डोक्यावरून पडला होता आणि त्यांनी तो उचलला नाही.

ओढा संपला. मी चढावर गाडी थांबवली. काकींनी तोंडावरची धूळ पुसली.

"आजून एकदा," त्या म्हणाल्या.

मी गाडी वळवली.