गोळी लागू पडेल का, हे आधी विचारणाऱ्या बाई

डॉ. कुमुदिनीबाईंच्या पेणच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. कासूहून येणारी गाडी उशिरा, त्यामुळे मीही उशिरा. बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाल्या, "बस. आणि घाईत काही बोलू नकोस." घाईत न बोलणे मला जमले, घाईत काही न करणे जमायला मात्र फार वेळ लागला.

त्या काळी गाठीच्या अहवालात 'कॅन्सर आहे' एवढे लिहिले की काम संपे. बाईंना ते अर्धवट वाटे. "आहे ते कळलं. पण तो वाढतोय कुणाच्या सांगण्यावरून?" असे त्या विचारत. पेशीला वाढीचा निरोप मिळतो, तो आत हातोहात पुढे जातो आणि कॅन्सरमध्ये हे निरोप थांबतच नाहीत, हे त्यांनी मला डबा खाता खाता समजावले. स्तनाच्या काही गाठी संप्रेरकाच्या निरोपावर वाढतात. तो अडवणारी गोळी होती; पण निरोप घेणारी जागाच पेशीत नसेल, तर ती गोळी व्यर्थ. म्हणून आधी तपासायचे, मग द्यायचे, हा बाईंचा हट्ट.

रोह्याच्या हमीदाबींच्या स्तनातली, शस्त्रक्रियेत काढलेली गाठ आणायला त्यांनी मला पाठवले. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक कोरडा, बर्फात, मुंबईच्या तपासणीसाठी, असे दोनदा बजावले होते. मी सवयीने दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये बुडवले. फॉर्मॅलिन लागलेल्या तुकड्यावर मुंबईची ती तपासणी होणार नव्हती. शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या हो, गोळी देऊन टाकू."

"आणि लागू नाही पडली तर? वर्षानुवर्षं ती बाई भरवशावर राहील," बाई म्हणाल्या.

मला त्या चांगल्याच रागावल्या. पण दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन हमीदाबींना म्हणाल्या, "चूक माझ्या लॅबची आहे." मला रडू फुटले. हमीदाबीच म्हणाल्या, "रडतेस कशाला गो? गाठ माझी हाय ना!"

फॉर्मॅलिनमधला तुकडा पुढे मेणात बसवतात; तशा तुकड्यावर नव्या पद्धतीने हीच तपासणी करणारी जागा बाईंनी मुंबईत शोधली आणि मेणाचा ठोकळा स्वतः घेऊन गेल्या. उत्तर आले, 'नाही.' गोळीचा उपयोग नव्हता. हमीदाबींना इंजेक्शने द्यावी लागली. केस गेले, जीव वाचला.

यंदा आजार उलटला. त्याच सुमारास, पेशीला बाहेरून मिळणारा आणखी एक निरोप अडवणारे औषध परदेशात निघाल्याचे बाईंनी वाचले. तेही सर्वांना नाही. ज्यांच्या गाठीत तो निरोप घेणारी खूण जास्त, त्यांनाच लागू. ते इथवर कधी पोचेल कोण जाणे, पण बाईंनी हमीदाबींचा जुना ठोकळा बाहेर काढायला लावला.

"परत नाय म्हणाले तर?" हमीदाबींनी विचारले.

"तर तेही सांगायला मीच येईन."

या महिन्यात बाई साठ वर्षांच्या होत आहेत. लेखाची परवानगी मागायला गेले, तर त्यांनी एवढेच विचारले, "ठोकळा पाठवलास का?" पाठवला आहे. उत्तर अजून यायचे आहे. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. माझी जास्तीची एक: या खेपेला त्यांना रोह्याला 'आहे' असे सांगायला जायला मिळो.