पाटलांच्या ओसरीवरचा डाव

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. अनसिंगजवळच्या एका खेड्यात मी शिक्षक म्हणून रुजू झालो. गावात बुद्धिबळ येणारे आम्ही दोघेच, मी आणि गावचे पाटील. मी बौद्ध, गावाच्या लेखी मात्र माझी जुनी जात काही सुटली नव्हती. तरी पाटलांना खेळाची भूक होती, म्हणून रविवारी बोलावणं यायचं. ते ओसरीवर गादीवर बसत, मी खालच्या पायरीवर. डाव संपला की मी उठायच्या आधीच पाटलीणबाई मोहरे पाण्याने धुऊन घेत.

मी हरायचो. नोकरी नवी होती. पण हरता हरता पाटील मला कळत गेले. फुकटचा मोहरा दिसला की त्यांना राहवत नसे. समोरच्याला काय हवंय ते ओळखलं की निम्मा डाव हातात येतो, हे मी त्या पायरीवर शिकलो.

दिवाळीला त्यांचे जावई आले. डाव चालू असताना पाटील त्यांना म्हणाले, "पाहा जावईबापू, यायले आमी अक्कल शिकवून राह्यलो."

ओसरी हसली. मी घोडा मोकळा सोडला. पाटलांनी झडप घालून तो मारला आणि त्यांचा राजा उघडा पडला.

मला लगेच मात करता आली असती. केली नाही. आधी वजीर घेतला. मग हत्ती, उंट, एकेक प्यादं, सावकाश. पाटलांच्या कपाळावर घाम आला. जावयासमोर डाव सोडून देणंही त्यांना जमेना.

"मास्तर, मात करा ना आता. कायले खेळवून राह्यले?"

"घाई काय हाय, पाटील? शिकून राह्यलो मी."

जावई फिसकन हसले. मग मी मात केली. इतकं सुख मला पहिल्या पगारानेही दिलं नव्हतं.

होळीच्या आत बदली झाली, मंगरूळपीरकडच्या एका आडगावी. एसटी जात नव्हती. बायकोचे दिवस भरत आले होते. बैलगाडीतच कळा सुरू झाल्या. पोरगी वाचली, बायको मात्र महिनाभर अंथरुणावर होती.

"हरले असते तं काय बिघडलं असतं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

दिवाळीच्या त्या डावानंतर पाटलांनी पटाला हात लावला नाही, असं पुढे कानावर आलं. ऐकून बरं वाटलं.