किटलीतली चिलापी

आमची आई मुऱ्या धरायची. मुरी म्हणजे ओढ्यात दगडाखाली बसणारा बोटाएवढा मासा. गुडघाभर गार पाण्यात जुनं लुगडं आडवं धरायचं, वरच्या अंगाचे दगड हलवायचे, आणि दोन तासांनी ओंजळभर मुऱ्या घेऊन घरी यायचं. राधानगरीकडच्या आमच्या गावात बाळंतिणीला मुऱ्यांचा रस्सा द्यायची रीत होती. कुणाची लेक माहेरी आली की आईला बोलावणं यायचं. तिला त्याचा फार अभिमान होता, आणि मला तिचे सुजलेले पाय बघून राग यायचा.

लग्न होऊन मी शहरात, शिवाजी पेठेत आले. शेजारणीच्या भावानं विहिरीत चिलापी सोडली होती. तो म्हणाला, हा मासा कुठंही जगतो आणि भराभर वाढतो. मला वाटलं, सुटली आई. दुधाच्या किटलीत पिल्लं घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरनं झाकण उघडून बघितलं आणि दुधात पाणी जरा जास्तच झालंय म्हणाला. आईच्या देखत मी ती ओढ्याच्या डोहात सोडली. काय तो माझा शहाणपणाचा आव!

तीन-चार वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी गेले. मुलगी झाली. पाचव्या दिवशी आई लुगडं घेऊन ओढ्यावर गेली, ती दुपार टळल्यावर परत आली. पाटीत तळहाताएवढ्या चार चिलापी होत्या, मुरी एकही नव्हती. गावाच्या लेकींना पुरवणारी आई स्वतःच्या लेकीपुढं मान खाली घालून उभी होती.

चिलापीनं मुऱ्यांची अंडी खाल्ली, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, वर नवा ऊस झालाय, त्याचं खत-औषध ओढ्यात उतरतंय. मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही छातीठोक सांगता येत नाही. शेवटी मी आईलाच विचारलं, माझ्यामुळं झालं का गं हे?

"मला काय ठावं," ती म्हणाली. "गळ घिऊन कोन आलं की मी हाकलायची. दोन वर्सं कुनाला हात लावू दिला न्हाय त्यास्नी. तू आणलेलीस न्हवं?"

मला रडू आलं, ते कुणासाठी हेही समजेना. तिनं चिलापीच चुलीवर चढवली, मुऱ्यांना घालायची तशीच लसूण-मिरी घातली आणि वाटी माझ्यापुढं ठेवली. चव कशी लागते, हे तिनं विचारलं नाही. मी सगळा रस्सा प्यायले.