कुठं निघाला?

परदेशी माणसाने मराठी बोललेलं मला फार कौतुकाचं वाटायचं, मुळशीतल्या त्या गोऱ्याने माझी चौकशी करेपर्यंत. आधी तो कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात राहायचा. आता धरणाकाठी एका म्हातारीकडे खोली घेऊन होता. गुडघ्यापर्यंत लुंगी, डोक्यावर गांधी टोपी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. दिसेल त्याला विचारायचा, "कुटं निगाला?" गावात हाच रामराम, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी दर शनिवारी पुण्याहून माझ्या तिथल्या फार्महाऊसवर जातो, आणि दर वेळी मलाही तो हेच विचारायचा. एकदा म्हातारीबरोबर धुण्याच्या बादल्या घेऊन चाललेल्या त्याला मीच चिडून विचारलं, "तुम्ही कुठं निघालात?"

"पान्यावर. तुमी वाटंवर तार वडली, आता लांबनं जातुया."

म्हातारी हसली. "आरं, पावन्यास्नी असं बोलू नगं. पुन्याचं हायेत ते."

म्हणजे तो घरचा आणि पाहुणा मी! खरं सांगतो, कुंपण घालतानाच मला माहीत होतं की गावाची पाण्याकडची वाट बंद होतेय.

पुढच्या शनिवारी मी कुंपणाचे दोन खांब काढले आणि कुणी आभार मानेल म्हणून ओसरीवर बसून राहिलो. तो आला. मोकळ्या वाटेकडे त्याने निरखून पाहिलंसुद्धा नाही.

"कुटं निगाला?"

"कुठंच नाही."

"मंग ही धरा की," म्हणत त्याने गोधड्यांची बादली माझ्या हातात दिली. माझ्याच जमिनीतून पाण्याकडे जाणारी ती वाट मी त्या दिवशी पहिल्यांदा चाललो.