सुकलूची डुकरीण

नागभीडकडच्या ज्या गावात मी मास्तर होतो, तिथे सुकलूसारखा शिकारी दुसरा नव्हता. धानाच्या बांध्यांत रानडुकरं शिरली की गाव आधी त्याच्या दारात जाई. त्र्याऐंशीच्या कार्तिकात त्याच्या भाल्याने एक डुकरीण पडली आणि झुडपातून तिचं पट्टेदार पिल्लू बाहेर आलं. सुकलूने ते धोतरात गुंडाळून घरी आणलं. बायको रंभा तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनेच पिल्लाला पेज पाजली.

पुढच्या पावसाळ्यात ती पोर, म्हणजे डुकरीणच हो, गोठ्यात गाईला टेकून झोपायची. सुकलू बांधीवर निघाला की मागे मागे जायची.

भाद्रपदात मी वर्गात आदिमानव शिकवत होतो. आधी शिकार, मग पिल्लं पाळणं. अशी हजारो वर्षांत गुरं-डुकरं माणसाळली. सुकलू दाराशी उभा राहून ऐकत होता.

"हजारो वर्सं काऊन लागली, गुरुजी? माह्या रंभेले तं एकच पावसाळा लागला."

मुलं खदाखदा हसली. मला असा राग आला की आज सांगतानाही लाज वाटते. सगळ्यांसमोर मी त्याला झापलं, "सुकलूभाऊ, रानातलं जनावर घरी ठेवणं गुन्हा आहे. जंगलखात्याच्या साहेबांना कळलं तर आत टाकतील." खरं तर तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

सुकलू घाबरला. "सोडून देतो जी," म्हणाला. दसऱ्याआधी तिला तलावापलीकडच्या रानात सोडून आला. रंभाने दोन दिवस चूल पेटवली नाही.

कार्तिकात गावाने रानडुकरांच्या शिकारीसाठी हाका घातला. डबे बडवत माणसं पुढे सरकली, कळप उधळला. एकटी डुकरीण मागे फिरली आणि सरळ सुकलूकडे धावत आली. त्याने हातातला भाला खाली टाकला. शेजारच्या इसरूला वाटलं, ती त्याच्या अंगावर जाते आहे. इसरूचा नेम चुकला नाही.

रिवाजाप्रमाणे घरोघर वाटे गेले. रंभाने आपला वाटा गोठ्यामागे पुरला. माझा वाटा पळसाच्या पानात घेऊन सुकलू स्वतः आला.

"रानात धाडाचंच होतं, तं पयले तिले माणसाचं भेव शिकवाले पायजे होतं. तुमी सांगतलं नाई, गुरुजी."

मला ते सुचलंच नव्हतं. मला फक्त पोरांसमोर सुकलूचं तोंड बंद करायचं होतं.