घरामागच्या हॉटेलातली मावशी

मावशीनं हट्ट धरला तो धरलाच. लेकीनं विचारलं होतं, "आई, साठी झाली तुझी. बोल, डोंगर बघायचाय की समुद्र?" मावशी म्हणाली, "घरामागच्या रस्त्यापलीकडचं ते झोकदार हॉटेल. दोन रात्री. आणि एकटीच जाणार."

मावशी जन्मभर खिडकीपाशी बसून गल्लीभराचे कपडे शिवत आलेली. अलीकडे मशीनवरून मान वर केली की समोर ते हॉटेल दिसायचं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. नवऱ्याला चष्मा आणि तिशीतल्या मुलाला मोजे तिच्याशिवाय सापडायचे नाहीत. "आई, माझं अमुक कुठाय" आणि "अगं, माझं तमुक कुठाय" ऐकून तिचे कान किटले होते. दोन दिवस कुणी हाक मारू नये, एवढंच तिला हवं होतं.

"फोनसुद्धा करायचा नाही," तिनं बजावलं. "घराला आग लागली तर बंबवाल्यांना करा. मी रस्त्यात दिसले तरी ओळख दाखवायची नाही." आणि बॅग उचलून तिनं रस्ता ओलांडला.

खोली बघून मावशी चाटच पडली. पलंगावर उशांचा हा ढीग. माणसानं झोपावं कुठे? खुर्ची अशी, की बसलं की गुडघे थेट कानाशी. दिव्याचं बटण काही केल्या सापडेना. शेवटी काउंटरवरच्या पोरीला बोलावलं, तर तिनं दिव्याला नुसतं बोट लावलं आणि तो मुकाट्यानं विझला.

"आमच्याकडे दहादा सांगून कुणी ऐकत नाही गं," मावशी म्हणाली.

मग ती ऐसपैस आडवी झाली आणि फोनकडे बघत राहिली. संध्याकाळ गेली, सकाळ उजाडली, मेला फोन काही वाजेना. समोर घराच्या खिडकीत नवरा आणि मुलगा हिंडता-फिरताना दिसत होते. म्हणजे चष्मा सापडला. मोजेही सापडले. इतकी वर्षं मर मर मेले, आणि यांचं माझ्यावाचून काहीच अडत नाही?

हॉटेलच्या पाहुण्यांबरोबर ती शहर बघायला निघाली खरी, पण संग्रहालयात तिचं चित्त लागेना. घड्याळाच्या मनोऱ्यावरून सगळे नदी बघत होते, ही आपली गच्ची शोधत होती. आणि शेवटी तो गाईड, छत्री उंच धरून, घोळक्यासकट शिरला तो तिच्याच गल्लीत! तिच्याच दारासमोर थांबून म्हणाला, "हे बघा, जुन्या वळणाचं घर. शांत, साधं जीवन."

वर बाल्कनीत ते साधं जीवन उलटा बनियन घालून चादर पिळत उभं होतं. पाणी गाईडच्या छत्रीवर पडत होतं. घोळक्यानं फटाफट फोटो काढले.

मावशीला राहवेना. "काय हो, एकटेच राहता?"

नवऱ्यानं आवाज ओळखला, पण पठ्ठ्या शब्दाचा पक्का. "मुलगा आहे. बायको बाहेरगावी गेलीय."

"तिच्यावाचून झकास चाललंय की!"

"कसलं झकास! कालपासून चष्मा सापडत नाहीये. मुलगा एक काळा, एक पांढरा मोजा घालून कामावर गेला."

"मग फोन करता येत नाही तिला?" मावशीचा आवाज चढलाच.

तो ओली चादर छातीशी धरून उभा राहिला. "कितीदा हातात घेतला. पण एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी हे एकच मागितलंय हो. तेवढं तरी नको का द्यायला?"

मावशीला एकदम भरून आलं. घोळका पुढे निघाला, तीही निघाली. कोपऱ्यावरून वळून ओरडली, "अहो, चष्मा कपाळावर आहे!"

"आभारी आहे, बाई," वरून उत्तर आलं.

गाईडनं विचारलं, "तुमच्या ओळखीचे का?"

"छे," मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आजच भेटले. चला, पुढचं दाखवा. मला उद्यापर्यंत सवड आहे."