बाहीवाल्याने तोंड उघडलं

शर्टांच्या कारखान्यात त्याला सगळे बाहीवाला म्हणत, कारण दिवसभर तो शर्टाला फक्त बाह्या जोडायचा. माणूस कामाला वाघ, पण मदत मागायची वेळ आली की जिभेला कुलूप. बायको आजारात गेली तेव्हा लेक जेमतेम चालायला लागली होती. शेजाऱ्यांनी विचारलं, थोरल्या बहिणीने विचारलं, काही लागलं तर सांग. याचं सगळ्यांना एकच उत्तर, "माझं मी बघतो." आता काय बघतो, कपाळ! वेणी घालताना पोर रडणार, डब्यात रोज काहीतरी करपलेलं असणार. पण बाणा कायम.

लेकीला तो बटण म्हणायचा. बटण शाळेत जायला लागली आणि खरी पंचाईत झाली. शाळा दुपारी सुटायची, कारखाना संध्याकाळी. काही दिवस त्याने जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन तिला आणलं आणि आपल्या मशीनशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं. एकदा तिचा हात मशीनच्या फिरत्या पट्ट्याजवळ गेला. मॅनेजरने पाहिलं. ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "पोर पुन्हा आत दिसली तर दुसरीकडे काम बघा." खरं सांगायचं तर त्याचंही काही चुकलं नव्हतं.

बटणनेच हे सगळं फोनवर आत्याला सांगून टाकलं. आत्या दूरच्या गावी एकटी राहायची. तिने भावाला फोनवर घेतलं. "रविवारी येते आणि तिला घेऊन जाते. तुझ्याने होत नाहीये, कबूल कर." त्याने लेकीचे फ्रॉक घडी घालून ठेवले, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसला तो कसाबसा. त्याच्या पुढच्या मशीनवर मावशी होती, जाडजूड आणि तोंडाने फटकळ. बाह्या लागल्या की शर्टाच्या बाजू शिवायच्या, हे तिचं काम. तिने एक शर्ट उचलला, उलटापालटा केला, मग दुसरा पाहिला. सबंध गठ्ठ्यात उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे! असला घोळ नवशिक्याने घालावा, याने नव्हे. सुपरवायझरला हाक मारायची सोडून तिने गठ्ठा पायाशी दडवला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर उसवायला बसली.

"काय रे, लक्ष कुठंय?"

"काही नाही, मावशी."

"काही नाही म्हणून एवढ्या बाह्या उसवतेय का मी? मुकाट्याने सांग."

मान खाली घालून, दोरे ओढता ओढता त्याने सगळं सांगितलं.

"हा शर्ट तू एकटा शिवतोस?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग पोर तेवढी एकट्याने वाढवायला निघालास. मोठा आलाय शहाणा."

"पोर म्हणजे शर्ट नव्हे, मावशी."

"नव्हेच. शर्ट निदान बडबड करत नाही. हे बघ, माझी सून तिच्या मुलीला त्याच शाळेतून आणते. जा, तिला विचार. मी सांगणार नाही. तुला तोंड आहे ना?"

संध्याकाळी तो मावशीच्या दारात उभा राहिला. बोलण्याआधी दोन ग्लास पाणी प्यायला. सुनेने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? दोघी येतील बरोबर, तुम्ही सुटल्यावर घेऊन जा." घरी जाताना त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मग त्याचं तोंड जे सुटलं ते बंदच होईना. कारखान्यातले इस्त्रीवाले काका त्याच्याच इमारतीत राहायचे आणि त्यांची पाळी दुपारी सुरू व्हायची. पोर आजारी पडली तर दुपारपर्यंत बसाल का, असं त्यांना विचारलं. ते हो म्हणाले. काकूंकडून तो वेणी घालायला शिकला.

रविवारी बहीण आली, हातात मोठी रिकामी बॅग.

"ताई, बटण इथेच राहील," तो म्हणाला आणि सगळी व्यवस्था सांगितली.

"बरं झालं," ताई म्हणाली. पण तिचा चेहरा पडला. बॅग तिने हळूच पलंगाखाली सरकवली.

बटण तिच्या मांडीवर चढली. "आत्या, तुझ्या नखांत पिवळं काय आहे?"

"रंग. खोली रंगवत होते."

कुणाची खोली, हे त्याला विचारावं लागलं नाही. पूर्वीचा असता तर गप्प बसला असता.

"ताई, सुट्ट्या लागल्या की शाळाही बंद. मला झेपत नाही. सुट्ट्यांत नेशील हिला? आणि मध्ये मध्ये तूही ये. मला तू लागतेस."

ताईने डोळे पुसले. "लहानपणी सारखं काहीतरी मागायचास माझ्याकडे. मग एकदम बंदच केलंस. मला वाटलं, तुला माझी गरजच उरली नाही."

"आत्या, सगळी खोली रंगवलीस?" बटणने विचारलं.

"एक भिंत राहिलीये," ताई म्हणाली. "तू आलीस की दोघी मिळून रंगवू."